येतानाच झटके का?

पत्राचा गोषवारा: इंदूरच्या एक वाचक, वय ५८. तीन वर्षांपूर्वी पती गेले. २००६ साली दोघांनी मिळून घेतलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी त्या स्वतः चालवतात. शहरात गाडी नीट चालते. महिन्या-दोन महिन्यांनी ओंकारेश्वरला जातात, तेव्हा परतताना भेरूघाटात ती झटके खाते, पिकअप जातो. कधी पाच मिनिटं हे चालतं, कधी अजिबात होत नाही. पाय जरा सैल केला की लगेच सुधारते. जाताना मात्र एकदाही असं झालेलं नाही, आणि मिस्त्रीच्या दारात उभी केली की जणू काही घडलंच नव्हतं. सात-आठ महिन्यांत प्लग, पेट्रोल फिल्टर, फ्युएल पंप बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, १९ हजार रुपये गेले. आता तिसरा मिस्त्री म्हणतो की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा संगणक, बदलावा लागेल, २८ हजार. दीर म्हणतात, वाटेत बडवाहकडे भरलेल्या पेट्रोलचा हा दोष. मुलगी पुण्याहून सांगते, "आई, वीक ती गाडी." वाचक विचारतात: "मला गाडीतलं काही कळत नाही. मिस्त्रीवर विश्वास ठेवू, की गाडी काढून टाकू?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी मुळीच सहमत नाही, आणि आधी त्याबद्दलच बोलतो. "मला गाडीतलं काही कळत नाही" असं तुम्ही लिहिता. पण त्याच पत्रात तुम्ही सांगता की झटके येतानाच बसतात, घाटातच बसतात, एसी चालू असताना जास्त बसतात आणि पाय सैल केला की त्या क्षणी थांबतात. तिन्ही मिस्त्रींच्या मिळून हाती जेवढं लागलं नाही, तेवढं या चार वाक्यांत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाचा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे चालवणारा. मिस्त्रीपुढे गाडी येते तेव्हा बिघाड घरी राहिलेला असतो. मग तो बिचारा अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो, आणि त्याचं बिल तुम्हाला येतं.

आता जाताना आणि येताना यांतला फरक बघू. तुमच्या दिरांनी तो पेट्रोलपंपावर ढकलला. शंका घेण्यात गैर काही नाही, पण ती फुकटात तपासता येते. पुढच्या वेळी इंदूरलाच टाकी भरा आणि वाटेत थेंबही न भरता परत या. जाऊन-येऊन दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर होतात, टाकी सहज पुरते. तरीही घाटात झटके बसले, तर बडवाहचा पंप त्यातून सुटला.

मला स्वतःला दुसरंच कारण दिसतं. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. नर्मदेचा काठ त्याच्या साडेतीनशे मीटरच्या आसपास खाली. जाताना तुम्ही उतरता, इंजिनाला काम जवळजवळ नसतं. येताना तीच उंची तिला चढून यावी लागते, वर एसी, माणसं आणि प्रसादाच्या पिशव्या. म्हणजे बिघाड रस्त्याच्या दिशेत नसून ओझ्यात आहे. गाडी चढताना चुकते.

चढताना का चुकावी, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होईल, म्हणून इथे जरा रेंगाळतो. घरी नळाचं पाणी रबरी पाइपने भरताना तुम्ही पाहिलं असेल. पाइपला बारीक चीर असली तरी खालच्या बादलीत पाणी सोडताना ती कळतही नाही. तोच पाइप दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत नेऊन मोटर लावली की चिरेतून कारंजं उडतं. पाइप तोच, चीर तीच, दाब वाढला एवढंच. ठिणगीचं तसंच आहे. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी जातं, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला कमी व्होल्टेज पुरतं. चढावर एक्सिलेटर दाबला की सिलिंडर ठासून भरतो, दाब वाढतो, आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ते वीस-तीस हजार व्होल्टच्या घरात जाऊ शकतं. हे व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलच्या आवरणाला, प्लगच्या रबरी टोपीला किंवा कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या हायटेन्शन वायरला कुठे तडा असेल, तर वीज सिलिंडरच्या आत जाण्याऐवजी तिथून बाजूच्या लोखंडात पळते. त्या सिलिंडरमध्ये जाळ होत नाही आणि तुम्हाला झटका बसतो. तुम्ही पाय सैल केला की दाब उतरतो, ठिणगी पुन्हा आपल्या जागी पडते.

त्यात उष्णतेची भर. कॉइल तापली की आतली तार आणि आवरण फुगतं, थंडीत बंद असलेला तडा उघडतो. तासभर चालवून घाटाशी येईपर्यंत इंजिन चांगलंच तापलेलं असतं. मिस्त्रीकडे सकाळी नेता तेव्हा ते निवलेलं असतं, आणि त्याच्या दारात उभ्या उभ्या रेस दिली तरी चढाचं ओझं त्यावर पडत नाही. गाडी तिथे चुकत नाही यात आश्चर्य काहीच नाही.

पेट्रोल कमी पडत असतं तर लक्षण थोडं वेगळं दिसलं असतं. पंप किंवा फिल्टर दमला की गाडी धापा टाकते, ताकद हळूहळू जाते, लांबच्या चढाला शेवटी शेवटी जास्त होतं आणि पाय काढल्यावरही सावरायला वेळ लागतो. तुम्ही लिहिता ते तोडल्यासारखे झटके आणि त्या क्षणी सुधारणं, हे ठिणगीच्या बाजूला झुकतं. मी "झुकतं" म्हणतोय. इंदूरबाहेर बसून पत्रावरून निकाल देणं बरोबर नाही. पण ज्या दिशेला तुमचे १९ हजार गेले, त्यातले बहुतेक पेट्रोलच्या बाजूला गेले आहेत. ठिणगीच्या बाजूला फक्त प्लग बदलले.

प्लग बदलले म्हणून ती बाजू निर्दोष ठरत नाही, हेही ध्यानात घ्या. जुने प्लग काढताना कोणी त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीकडे पाहिलं का? तिच्यावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर वीज बाहेरून पळत होती असं समजावं. तशीच रेघ रबरी टोपीच्या आतही उमटते. टोपी तीच ठेवून नवा प्लग बसवला की काही दिवसांत त्यालाही तो डाग लागतो. बाजारात नकली प्लगही मिळतात, आणि अस्सल प्लग बसवताना हातून पडला तर फट बदलते, मातीला तडा जातो. म्हणून "ते नवीन आहे, त्याचं नाव घेऊ नका" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. नवा पार्टही संशयितांच्या रांगेत उभा राहतो.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होतं आणि इंजिन ऑइल झिरपून प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिथे साठतं. टोपी ऑइलमध्ये भिजून फुगते, वीज गळू लागते. टोपी वर ओढून काढली की तिच्या टोकाला ऑइल दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या तिन्ही बिलांत या पॅकिंगचा उल्लेख नाही. वीस वर्षांच्या गाडीत त्याकडे आधी बघायला हवं होतं.

आता ईसीएम. तो खराब होऊच शकत नाही असं नाही. पण तो बहुधा सगळ्यांत शेवटी दोषी ठरतो, आणि दुर्दैवाने जिथे काही सापडत नाही तिथे सगळ्यांत आधी त्याचं नाव घेतलं जातं. मिस्त्रींना शांतपणे विचारा, "कुठली तपासणी केल्यावर तुम्हाला ईसीएम वाटला?" कॉइलला इशारा जातो की नाही हे पाहिलं, वायरचा जोड हलवून पाहिला, बॅटरीची आणि इंजिनाची अर्थिंग घासून पाहिली, असं काही सांगितलं तर त्यांचं ऐका. "बाकी सगळं बदलून झालं, आता तेवढंच उरलं" हे उत्तर आलं तर २८ हजार खिशातच ठेवा. जुना ईसीएम स्वस्तात आणून बसवण्याचा बेत तर मुळीच नको. अनेक गाड्यांत तो किल्लीशी जुळवावा लागतो, नाहीतर गाडी सुरूच होत नाही.

तुम्ही विश्वास ठेवू की नको, असं विचारलंत. मला वाटतं, प्रश्न विश्वासाचा नाही. आपल्याकडे मिस्त्रीला पैसे पार्टचे आणि बसवण्याचे मिळतात. विचार करण्याचे, तुमच्यासोबत तासभर फिरण्याचे पैसे कोणी देत नाही. मग तो पार्टच बदलणार. लबाडीशिवायही असं घडतं. तिघांपैकी ज्याने तुमचं बोलणं सगळ्यांत नीट ऐकून घेतलं असेल त्याच्याकडे जा आणि म्हणा, "अर्धा दिवस तुमचा घेते, त्याचे पैसे वेगळे देते. आज एकही पार्ट बदलायचा नाही, फक्त शोधायचं." हे ऐकून बहुतेक चांगल्या कारागिरांचा चेहरा खुलतो, कारण त्यांना शोधण्याचंच काम आवडत असतं.

त्या अर्ध्या दिवसात काय करायचं? गाडी तापवा. मग त्यांना चालवायला देऊन तुम्ही शेजारी बसा, मागे दोन माणसं घ्या, एसी पूर्ण लावा आणि सिमरोलकडचा चढ धरा. तेवढा वेळ नसेल तर रहदारी नसताना एखाद्या लांब ओव्हरब्रिजवर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगाने एक्सिलेटर दाबून चढवा. ओझं पडलं पाहिजे, एवढंच. झटका बसला की गाडी बाजूला सुरक्षित घेऊन कॉइलची अदलाबदल करायची. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर संशय असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. झटका तिच्यासोबत सरकला तर चोर सापडला. सरकला नाही, तर कॉइल सुटली. मग प्लगची तशीच जागा बदलायची, मग इंजेक्टरची. दोन कॉइल चार प्लगना वायरींनी जोडलेल्या असतील, तर एक कॉइल सहसा पहिला-चौथा आणि दुसरी दुसरा-तिसरा सिलिंडर सांभाळते. जोडीने चुकत असतील तर कॉइलकडे बघायचं, एकटाच चुकत असेल तर त्याच्या वायरीकडे किंवा प्लगकडे. या सगळ्याला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

कुठला सिलिंडर चुकतो हे गाडीला जोडायचा स्कॅनर कोडमधून सांगू शकतो. पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०४ म्हणजे चौथा, पी०३०० म्हणजे कुठलाही एक ठरलेला नाही. पण भारतात मिसफायर, म्हणजे सिलिंडरचं असं चुकणं, गाडीतच ओळखणारी ओबीडी-२ यंत्रणा गाड्यांना सक्तीची झाली ती एप्रिल २०१३ पासून, आणि तुमची गाडी त्याच्या सात वर्षं आधीची. म्हणून स्कॅनरने "काही नाही" म्हटलं किंवा इंजिनाचा दिवा लागला नाही, तरी तुमचा झटका खोटा ठरत नाही.

एक कळकळीची विनंती: इंजिन चालू असताना प्लगची वायर हाताने उपटून "कुठला सिलिंडर मेलाय" बघण्याची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे. ती करू देऊ नका. विजेचा जोराचा झटका माणसाला बसतो आणि बरी असलेली कॉइलही जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा जोड एकेक करून काढला तरी तेच कळतं.

आणि त्याआधी, आजपासून, तुमचं काम. यजमानांची पेट्रोल आणि किलोमीटर लिहिण्याची वही अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती काढा. आधी मागची पानं चाळा: टॅपेट कव्हर शेवटचं कधी उघडलं, कॉइल किंवा वायरी कधी बदलल्या. नोंद नसेल तर त्या मूळच्याच आहेत असं धरून चाला. मग कोऱ्या पानावर प्रत्येक फेरीनंतर, गाडी थांबल्यावर, दोन ओळी लिहा. निघून किती वेळ झाला होता, तापमानाचा काटा कुठे होता, एसी, गिअर, चढ की सपाट, पाऊस होता का, माणसं किती, झटका तोडल्यासारखा की धाप लागल्यासारखा. शक्य असेल तर हेही बघा की झटक्याच्या वेळी आरपीएमचा काटा थरथरतो की एकदम शून्यावर पडतो. शून्यावर पडत असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर पहिला संशय घ्यायचा, आणि तशी गाडी वाटेत बंद पडू शकते.

ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवशीही लिहा. लोक फक्त बिघाडाच्या दिवशी लिहितात, आणि तिथेच चुकतं. घाट चढूनही झटका बसला नाही ती फेरी कशात वेगळी होती? पहाट होती? एकट्याच होता? एसी बंद होता? बिघडलेल्या दिवसाचा अर्थ न बिघडलेल्या दिवसाशेजारी ठेवल्यावरच लागतो.

माझ्या वडिलांची जुनी गाडी पावसाळ्यात अशीच अडखळायची. दोन पावसाळे आम्ही कार्बोरेटर खोलत बसलो. शेवटी त्यांच्या वहीत दिसलं की झटक्याची प्रत्येक तारीख ओल्या दिवसाची होती. एका रात्री अंगणातला दिवा बंद करून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून लांबून पाहिलं, तर एका वायरीवरून निळसर ठिणग्या सरसर धावत होत्या. आजही ही युक्ती चालते. अंधारात, हात न लावता, ओढणी किंवा पदर पंख्यापासून दूर ठेवून बघायचं.

तुमच्यासारख्याच तक्रारीची इतरही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी थोडं इथेच. गाडी सीएनजीवर असेल तर आधी पेट्रोलवर टाकून तोच चढ चढा. गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून कमजोर कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. दोन्हीवर चुकत असेल, आणि तापल्यावर उभी असतानाही थरथरत असेल, तर टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली मोकळी जागा, तपासा. गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. चढावर ठीक पण सिग्नलला अडखळते, अशी गाडी असेल तर हवेच्या नळीला कुठे चीर आहे का बघा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं रबर त्याला सोसत नाही. अशा गाडीत आधी टाकीतलं पेट्रोल आणि नळ्या बघा, आणि हो, उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही. सकाळी सुरू करताना एकच सिलिंडर चुकतो, पांढरा धूर येतो आणि कूलंट कमी होत जातं, असं असेल तर थांबू नका. पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता आहे.

आता विकण्याचं. मुलीची काळजी मला समजते. आई घाटात एकटी अडकली तर, हे तिच्या डोळ्यांसमोर आहे. तिला हे पत्र दाखवा. पण बिघाड काय आहे हे न कळता गाडी विकली, तर घेणारा सगळ्यांत मोठा बिघाड धरून भाव पाडेल, आणि तुम्हालाही त्याला झटक्यांबद्दल सांगावंच लागेल. बिघाड एका कॉइलचा किंवा पॅकिंगचा निघाला तर विकायची की ठेवायची हे तुम्ही मोकळ्या मनाने ठरवू शकाल. आणखी एक हिशेब त्यात धरा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते शुल्क २०२५ मध्ये वाढलं आहे. तुमच्या आरसीवरची तारीख बघा. दिल्ली परिसरातले जुन्या गाड्यांवरचे निर्बंध इंदूरला लागू नाहीत, त्या भीतीने विकू नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन अजून धड आहे. एखादा फारच खाली असेल तर मुलीचं ऐका.

तोपर्यंत घाटात अंधार पडल्यावर येऊ नका. झटके सुरू झाले तर आधी एसी बंद, एक गिअर खाली, पाय हलका, आणि वळणावर न थांबता रुंद जागा आल्यावर बाजूला. तसंच रेटत राहू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या आधी असलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो बिघडला की खर्च ईसीएमइतकाच होतो.

अर्ध्या दिवसाची वेळ घ्याल तेव्हा पहिलं काम प्लगच्या चारही टोप्या काढून बघण्याचं ठेवा. ऑइल दिसलं तर पॅकिंग बदलण्याआधी विहिरी पुसून पूर्ण कोरड्या करून घ्या आणि भिजलेल्या टोप्या परत बसवू देऊ नका. मला कळवताना चार टोप्यांपैकी कुठली भिजलेली होती, तेही लिहा.